प्रमाण माणूस

काटेसाहेबांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर सांगितलं. दोष त्यांच्या रक्तात नाही, यंत्रात आहे. आता असं म्हणणारे ते काही पहिलेच नव्हेत. वजनाच्या काट्यावर चढलेला प्रत्येक जाडा माणूस उतरताना हेच म्हणतो. पण काटेसाहेबांची गोष्ट वेगळी. ते वजनमाप खात्यातले निरीक्षक. सगळी हयात दुकानादुकानांतून खोटे काटे पकडण्यात गेलेली. काटेसाहेब हे त्यांचं आडनावही नव्हे, बाजारानं ठेवलेलं नाव. खरं आडनाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. यंत्रानं काहीतरी सांगावं आणि आपण ते मुकाट्यानं ऐकून घ्यावं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आणि प्रकरण साधं नव्हतं. खात्यात उपनियंत्रकाची खुर्ची रिकामी झाली होती. त्या खुर्चीकडे काटेसाहेब तरुणपणापासून डोळे लावून बसले होते. निवृत्ती तोंडावर आलेली, खुर्चीला दोन हात, पाठीमागे खिडकी, समोर शिपायाला बोलवायची घंटा. बढतीचा हुकूम टाइप होऊन तयार होता, सहीसुद्धा झाली होती म्हणे. फक्त प्रकृती ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं होतं. ते द्यायचं होतं डॉक्टरीणबाईंनी, आणि त्यांच्या यंत्रानं काटेसाहेबांचा रक्तदाब दाखवला वरचा एकशे चौसष्ट आणि खालचा एकशे दोन.

बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलायला पक्क्या. म्हणाल्या, काही जणांचा दाब डॉक्टरला बघूनच चढतो, तेव्हा घरी यंत्र आणा, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजा. तरीही जास्तच आला तर गोळी सुरू करू, दाब ताब्यात आला की प्रमाणपत्र देऊन टाकते. झालं, 'गोळी' म्हटल्याबरोबर काटेसाहेबांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. गोळी घेऊन मिळवलेलं प्रमाणपत्र म्हणजे पारड्याखाली चुंबक लावून भरलेलं वजन. असली वजनं पकडून त्यांनी चांगल्या चांगल्यांना कोर्टात उभं केलं होतं. ते म्हणाले, "यंत्र खोटं आहे असं मी सिद्ध केलं तर?" बाई हसून म्हणाल्या, "तर आजच्या तारखेनं प्रमाणपत्र देईन. गोळीही नाही." बाई सहज बोलून गेल्या. काटेसाहेबांनी ते आव्हान समजून खिशात घातलं आणि तडक औषधाच्या दुकानात गेले.

त्यांना दारात बघून औषधवाल्याच्या छातीत धस्स झालं. त्याच्या दारात नाणं टाकून वजन करायचं एक यंत्र होतं आणि ते काटेसाहेबांनी मागे एकदा जप्त केलं होतं. आता पुन्हा बसवलेलं नवं यंत्र त्यानं आधी घाईघाईनं फडक्यानं झाकलं. साहेब गिऱ्हाईक म्हणून आलेत हे कळल्यावर बिचाऱ्याच्या जिवात जीव आला आणि त्यानं रक्तदाबाच्या यंत्रांचे तीन डबे पुढ्यात मांडले. काटेसाहेबांनी एकेक डबा कानाशी नेऊन हलवला, सील नखानं खरवडून बघितलं, आणि विचारलं की ह्याची तपासणी करून शिक्का कुणी मारला. औषधवाला म्हणाला, कारखान्यानंच. म्हणजे ज्यानं माल बनवला त्यानंच तो चांगला असल्याचं सांगितलं, मग आम्ही एवढं खातं कशाला चालवतो, ह्यावर काटेसाहेब बोलायला लागले ते मागे रांग दाराबाहेर जाईपर्यंत. रांगेतल्या लोकांनीही मग तोंडं मोकळी सोडली. एक म्हणाला मनगटावरचं घ्या, एक म्हणाला मनगटावरचं खोटं बोलतं, आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एक आजीबाई म्हणाल्या की माझ्या भावानं असलंच यंत्र घेतलं आणि त्या दिवसापासून तो आजारी पडला.

घरी आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं गेलं. काटेसाहेबांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. पट्टा फुगत चालला, आवळत चालला, तसे काटेसाहेबांनी दात आवळले, श्वास कोंडून धरला, भुवया जवळ आणल्या आणि यंत्राच्या काचेवर नजर रोखली. मापात पाप करणारे भलेभले दुकानदार ह्या नजरेपुढे पाणी पाणी व्हायचे. यंत्रानं फुस्स केलं आणि आकडा दाखवला, एकशे अडुसष्ट. त्यांनी लगेच पुन्हा बटण दाबलं. एकशे बहात्तर. पुन्हा दाबलं. एकशे शहात्तर.

"बघ," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "एकाच बैठकीत तीन जबान्या. साक्षीदार फुटलेला आहे."

स्वयंपाकघरात वहिनी होत्या. काटेसाहेबांच्या पत्नी, पण सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. बाई शांत. म्हणजे किती शांत, तर काटेसाहेबांशी संसार करून शांत. जिन्यात कुणी चार पोती माती आणून टाकली तरी त्या बाजूनं वाट काढून जातील. त्या बाहेर आल्या, नवऱ्याचा लालबुंद दंड बघितला, पट्टा सोडवला, तिथे थोडं तेल चोळलं आणि परत आत गेल्या.

भिंती पातळ असल्या की शेजाऱ्याला वेगळं बोलावणं पाठवावं लागत नाही. यंत्राची घुरघुर ऐकून वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक खाली आले. निवृत्त होऊन पुष्कळ काळ लोटला होता तरी ते अजून हातात डस्टर असल्यासारखा उजवा हात किंचित पुढे धरून चालायचे. त्यांनी आपला दंड पुढे केला. एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर. प्रावीण्यासह पहिला वर्ग मिळावा तसे ते सगळ्या खोलीकडे बघून हसले. मग समोरच्या दारातून शिवणकाकू आल्या. काकू आपल्या घरी लोकांचे कपडे शिवायच्या, गळ्यात सदा माप घ्यायची टेप. त्यांचा एकशे चाळीस आला, तो त्यांना पटला नाही. त्यांनी यंत्राच्या पट्ट्यालाच टेप लावली आणि हा पट्टा उभ्या धाग्यात कापायला हवा होता, आडव्या धाग्यात कापलाय, ताण चुकीच्या जागी येतो असा निकाल दिला. काटेसाहेबांना हा पहिला तांत्रिक पुरावा मिळाला. त्यांनी काकूंना खुर्ची दिली. वहिनींनी चहा केला. दुसऱ्या दिवशी जिन्यातली आणखी माणसं आली, वहिनींनी आणखी चहा केला, आणि आठवड्याभरात घराचा दवाखाना झाला.

आलेला प्रत्येक माणूस दंड मोजून घ्यायचा आणि मोबदल्यात सल्ला ठेवून जायचा. फुकटचा सल्ला परत करता येत नाही, हीच त्यातली अडचण. मुख्याध्यापक म्हणाले, मीठ बंद. काटेसाहेब कुठलीही गोष्ट अंदाजानं करणारे नव्हेत. त्यांनी कपाटातून आपला छोटा पितळी तराजू काढला आणि दिवसाचं मीठ ग्रॅमवर तोलून वहिनींच्या हाती दिलं. आता एवढ्याशा मिठात दोन माणसांची भाजी कशी व्हायची? वहिनींनी दोन पातेली चढवायला सुरुवात केली, एक अळणी, एक बरी. अळणी भाजीचा पहिला घास तोंडात गेला की काटेसाहेबांचं डोकं फिरायचं. मग ते चिडून यंत्र लावायचे आणि मिठानं काहीही होत नाही हे सिद्ध झालं म्हणून आणखी चिडायचे.

शिवणकाकूंनी सांगितलं, रोज सकाळी मोठ्यानं हसायचं, रक्त मोकळं होतं. काटेसाहेबांना हसण्याची सवय नव्हती. त्यांनी गॅलरीत उभं राहून, कठड्याला धरून, "हा, हा, हा" असं कवायतीच्या हुकमासारखं हसायला घेतलं. नेमका तेव्हा तळमजल्यावरचा भाडेकरू खाली स्कूटरला लाथा मारत होता आणि स्कूटर काही सुरू होत नव्हती. आपल्यालाच हसतोय म्हणून तो तरातरा वर आला. दोघांची जी जुंपली ती वहिनींनी दारात उभं राहून, त्याला पाणी देऊन, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून मिटवली. त्या सकाळी यंत्रानं एकशे चौऱ्याऐंशी दाखवला. ह्यात आश्चर्य काय, असं आपल्याला वाटेल. काटेसाहेबांना ते यंत्राचं कारस्थान वाटलं.

मग आली थंड पाण्याची बादली. पाय बादलीत ठेवून पंधरा मिनिटं बसलं की दाब पायांतून उतरतो, असं मुख्याध्यापकांनी कुठेतरी वाचलं होतं. काटेसाहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय बादलीत घालून, यंत्र मांडीवर घेऊन बसले. दंडावर पट्टा फुगायला लागला आणि नेमका कचेरीतून फोन आला की प्रमाणपत्राचं काय झालं, वरून विचारणा आहे, त्या जागेसाठी दुसरंही एक नाव पुढे आलंय. दुसरं नाव ऐकून काटेसाहेब ताडकन उभे राहिले. बादलीत उभं राहिलेल्या माणसानं एकदम पाऊल पुढे टाकू नये. बादली आडवी, काटेसाहेब पलंगावर, यंत्र उशीवर, आणि पाणी दाराखालून जिन्यात. शिवणकाकूंच्या उंबऱ्याशी कुणाचा तरी शिवायला आलेला नवा कोरा कोट ठेवला होता, तो भिजला. वहिनींनी आधी यंत्र पुसलं, मग खोली पुसली, मग जिना पुसला, मग कोट घरी आणून इस्त्री करून दिला. तेवढ्यात कुकर तिसऱ्यांदा शिट्टी द्यायला लागला होता.

दुसऱ्या नावानं मात्र काटेसाहेबांची झोप उडाली. आता घरगुती उपाय पुरे, रीतसर तपासणी झाली पाहिजे, असं ठरवून त्यांनी यंत्र पिशवीत घातलं आणि कचेरीत नेलं. आपलंच खातं, आपलीच प्रयोगशाळा, म्हटलं अर्ध्या तासात पाडून टाकू ह्या यंत्राला. पण आपल्याच खात्यात आपण अर्जदार म्हणून उभं राहणं काय असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पहिल्या टेबलानं विचारलं, यंत्र खात्याचं की खाजगी? खाजगी असेल तर मालकानं स्वतः हजर राहावं. काटेसाहेब म्हणाले, मीच मालक. टेबल म्हणालं, मग निरीक्षक म्हणून तुम्हाला आत जाता येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसा. त्या बाकावर त्यांनी आजवर अनेकांना तासन्तास बसवलं होतं. बाकाची एक फळी निसटलेली आहे आणि ती मांडीला चिमटा काढते, हे त्यांना आजच समजलं.

दुसऱ्या टेबलाला प्रश्न पडला की हे वजन की माप. त्यावर बरीच चर्चा होऊन रक्त हा द्रव पदार्थ असल्यानं प्रकरण इंधन विभागाकडे पाठवण्यात आलं. इंधन विभागातला तरुण अधिकारी पेट्रोलपंप तपासायचा. त्यानं यंत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि अदबीनं सांगितलं की साहेब, आम्ही बाहेर किती आलं ते मोजतो, आत किती जोर आहे ते नाही. तुमच्या बाबतीत बाहेर यायची वेळ न आलेली बरी. शेवटी संध्याकाळी प्रयोगशाळाप्रमुखांनी त्यांना आत घेतलं. हे काटेसाहेबांचे जुने सोबती. ते म्हणाले, "अरे बाबा, काटा आपण कसा तपासतो? त्यावर प्रमाण वजन ठेवून. ज्याच्याबद्दल शंकाच नाही असं वजन. आता मला प्रमाण रक्तदाब कुठे मिळणार? ज्याच्याबद्दल शंका नाही असा एखादा माणूस आण, त्याला लावून बघू."

प्रमुखांनी हे गमतीत म्हटलं होतं आणि कपाट बंद करून ते घरी निघालेही. काटेसाहेब मात्र तिथेच थबकले. प्रमाण माणूस! एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही? ज्याचा दाब कधी वर नाही, कधी खाली नाही, ऊन पडो वादळ होवो, जागच्या जागी. घरी जाईपर्यंत त्यांनी ओळखीतली सगळी माणसं मनातल्या मनात पारड्यात घालून बघितली. मुख्याध्यापक बाद, ते फुशारकीनं फुगलेले. शिवणकाकू बाद, त्यांना स्वतःचाच आकडा पटत नाही. आणि दार उघडायला वहिनी आल्या तेव्हा काटेसाहेबांना दारातच साक्षात्कार झाला. असं स्थिर वजन तर खात्याच्या तिजोरीतसुद्धा नाही! आजारी म्हणून पडलेली नाही, आवाज चढवलेला नाही, रागानं एक भांडं आपटलेलं नाही.

"अगं, बस इथे," ते म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, गॅसवर दूध आहे. तरी त्या बसल्या. इतके दिवस घरात यंत्र होतं, अख्ख्या जिन्याचा दंड त्यातून जाऊन आला होता, पण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं आणि त्यांनाही तसं काही वाटलं नव्हतं. पट्टा फुगला, यंत्र घुरघुरलं, फुस्स झालं. वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे आठ.

काटेसाहेबांनी टाळी वाजवली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद वहिनींनी मुलीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

"सापडला चोर!"

"माझं जास्त आलं का हो?" वहिनींनी विचारलं.

"तुझं नाही गं. यंत्राचं."

बरं, असं म्हणून वहिनी उठल्या. दूध उतू गेलंच होतं, ते पुसायला लागल्या.

काटेसाहेबांनी त्या संध्याकाळी इमारतीतलं एकही दार सोडलं नाही. माझ्या बायकोचा दाब एकशे ब्याऐंशी, हे ते प्रत्येक मजल्यावर अभिमानानं सांगत सुटले, आणि ऐकणारा प्रत्येक जण, वहिनींचा? छे, शक्यच नाही, असं म्हणाला की त्यांना कोण आनंद व्हायचा. फक्त मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. यंत्रच खोटं असेल तर आपल्या एकशे चोवीसचं काय, असं त्यांनी चाचरत विचारलं. काटेसाहेबांनी तो निकाल रद्द झाल्याचं जागच्या जागी जाहीर केलं. मुख्याध्यापक त्या रात्री खाली उतरलेच नाहीत.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच काटेसाहेब औषधवाल्याच्या पायरीवर हजर होते. त्यानं कुलूप काढलं आणि एक अक्षर न बोलता दुसरं, वेगळ्या कारखान्याचं यंत्र हातावर ठेवलं. वजनाच्या यंत्रावरचं फडकं अजून होतंच. दुसऱ्या यंत्रानं वहिनींना दाखवला एकशे ऐंशी. दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार केला असता. पण खोटे काटे पकडण्यात हयात गेलेल्या माणसाला एक खोटा काटा सापडला तर आनंद होतो आणि दोन सापडले तर टोळी सापडते. सगळा बाजार सामील आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी दोन्ही यंत्रं पिशवीत भरली, धाडीवर जाताना घालायचा कोट घातला आणि वहिनींना सांगितलं, चल, तुझी साक्ष आहे. वहिनी म्हणाल्या, मला आज जरा पडावंसं वाटतंय. काटेसाहेब म्हणाले, आल्यावर पड. त्या चपला घालून निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काटेसाहेब उभं राहून बोलत होते, मुद्द्यागणिक टेबलावर बोट ठेवत होते. दोन यंत्रं, दोन कारखाने, आणि समोर बसलेली ही बाई. हिला कधी कुणी चिडलेलं पाहिलेलं नाही, इमारतीतल्या कुणालाही विचारा. हिच्यावर जे यंत्र एकशे ऐंशी दाखवतं ते यंत्र माझ्याबद्दल काय सांगणार? तेव्हा प्रमाणपत्र द्यावं.

बाईंनी प्रमाणपत्राचा विषय काढलाच नाही. त्यांनी वहिनींना पाठ टेकून बसायला सांगितलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि पाच मिनिटं कुणी एक शब्द बोलायचा नाही म्हणाल्या. काटेसाहेबांनी तोंड उघडलं तर त्यांच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. मग बाईंनी आपलं जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं, नळ्या कानाला लावल्या, आणि सावकाश एका दंडावर मोजलं, मग दुसऱ्या. पारा उतरताना काटेसाहेब खांद्यावरून वाकून बघत होते. पाऱ्याची त्यांना पारख होती. पारा लाच खात नाही.

"एकशे शहात्तर," बाई म्हणाल्या. "तुमची दोन्ही यंत्रं बरोबर आहेत, साहेब."

काटेसाहेब खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणासाठी वाटलं की काटा खोटा निघावा. बाईंनी वहिनींना विचारलं, काही त्रास होतो का. वहिनी म्हणाल्या, नाही हो, सकाळी डोकं तेवढं जड असतं, आणि जिना चढताना कधी धाप लागते, पण ते सगळ्यांनाच होतं ना? काटेसाहेबांना हे कळलं ते इथे, परक्या बाईच्या टेबलासमोर. आदल्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीत ते कशाची जाहिरात करत फिरले, हेही तेव्हाच कळलं, आणि त्यांना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"पण हिला राग येतच नाही हो," ते म्हणाले. आवाज धाडीवरचा नव्हता.

बाई म्हणाल्या, दाबाचा आणि रागाचा असा सरळ हिशेब नसतो, शांत माणसांनाही तो होतो, आणि पुष्कळदा काही कळतसुद्धा नाही. पण त्यांनी वहिनींकडे वळून विचारलंच, "खरंच येत नाही का?"

"येतो की," वहिनी म्हणाल्या. "रोज येतो. पण घरात चिडायचं काम ह्यांनी घेतलंय. दोघं चिडत बसलो तर बाकीचं कोण करणार?"

हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. गॅसवर दूध आहे, म्हणताना जसा आवाज असतो तसाच होता. बाई हसल्या. काटेसाहेबांना हसता आलं नाही. मग बाईंनी त्यांचाही दाब मोजला. त्यांना आठवण करून दिली की तुमचाही एकशे साठ आहे, गोळी तुम्हालाही लागेल, महिन्याभरात ताब्यात आला की प्रमाणपत्र देते. लागोपाठ दात ओठ खात मोजलं की आकडा चढणारच, हेही सांगितलं. काटेसाहेबांनी मान हलवली, पण त्यातलं काही कानात शिरलं असेल असं वाटत नाही. ते विचारत राहिले की हिच्या कुठल्या तपासण्या करायच्या, कधी करायच्या, हिनं जिना चढायचा की नाही, आणि सकाळची दुधाची पिशवी आता कुणी आणायची. शेवटचा प्रश्न बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघून सोडवला.

येताना दुधाची पिशवी काटेसाहेबांच्या हातात होती. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबले. वहिनी म्हणाल्या, मला लागली नाहीये धाप. ते म्हणाले, मला लागलीय. दुसऱ्या मजल्यावर मुख्याध्यापक भेटले. काटेसाहेबांनी त्यांना सांगितलं की तुमचा एकशे चोवीस पुन्हा मंजूर झालेला आहे. मुख्याध्यापकांना इतकं भरून आलं की त्यांनी नवा सल्ला द्यायला तोंड उघडलं, पण वहिनींचा चेहरा बघून त्यांनाही काहीतरी उमगलं असावं. ते कठड्याला धरून बाजूला झाले.

गोळ्यांचं पुढे रीतसर झालं. काटेसाहेब पहिली गोळी हातावर घेऊन बराच वेळ बघत बसले, मग वहिनींनी आपली घेतली तशी त्यांनीही घेतली, आणि जग होतं तिथेच राहिलं. मीठ दोघांचं मिळून कमी झालं आणि गॅसवर एकच पातेलं चढायला लागलं. महिन्यानं प्रमाणपत्र मिळालं. दुसरं नाव मागे पडलं आणि काटेसाहेब त्या खुर्चीवर बसले. खुर्ची करकरते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. औषधवाल्यानं एकदाचं फडकं काढलं. दुकानात जाऊन काटेसाहेबांनी त्याचे आभार मानले तेव्हा तो इतका गोंधळला की त्यानं त्यांना पुन्हा तीन डबे काढून दाखवले.

आता रोज सकाळी वहिनींचा दाब काटेसाहेब मोजतात. आधी दूध आणतात, चहा करतात. चहा वाईट असतो, पण तो वहिनी पितात. मग खिडकीजवळच्या खुर्चीत वहिनी पाठ टेकून बसतात आणि पाच मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही असा कायदा आहे. कायदा म्हटला की काटेसाहेब तो पाळतात आणि पाळायला लावतात. दार वाजलं तर ते फटीतून ओठांवर बोट ठेवून उभे राहतात. शिवणकाकू एकदा सुई मागायला आल्या आणि त्यांच्या भुवया बघून सुईशिवायच परत गेल्या. फोन उशीखाली जातो. पहिले काही दिवस एवढं गप्प बसताना काटेसाहेबांचेच ओठ हलत होते, हळूहळू त्यांनाही जमायला लागलं. वहिनी डोळे मिटून बसतात. बाहेर रस्त्यावर कुणी झाडत असतं, त्याचा आवाज येतो. त्यांना कुणी हाक मारत नाही. दंडावर पट्टा बांधलेली बाई उठून काही करू शकत नाही, हे सगळ्या जगाला मान्य असतं.

एके दिवशी अशीच पाच मिनिटं झाली, काटेसाहेबांनी बटण दाबलं, पट्टा फुगला आणि उतरला. एकशे अठ्ठावीस. इतका चांगला आकडा आजवर आला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि आनंदानं वहिनींना सांगितला.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत.

"पुन्हा एकदा घ्या," त्या म्हणाल्या.

"अगं, बरोबर आहे तो. आता यंत्रावर माझा विश्वास आहे."

"माझाही आहे," वहिनी म्हणाल्या. "पण पुन्हा घ्यायचं म्हणजे आधी पाच मिनिटं परत गप्प बसायचं ना?"

काटेसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटलं, दुसरी खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी आणली, आणि पाठ टेकून बसले.